कट्ट्यावरून दिसणारी गॅलरी

माझ्या पुतण्याच्या मुलाच्या साखरपुड्यात, जेवणाची पाने मांडली जात असताना, माझ्या नातीने ध्वनिक्षेपक हातात घेऊन माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली आणि सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. गोष्ट अशी: गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजी आमच्याकडे विश्रांतवाडीला राहायला आली. आजोबांना तिच्याशिवाय करमेना. पण ते इतके मानी, की वर घरात न येता ते रोज बसने येऊन समोरच्या बंद दुकानाच्या कट्ट्यावर बसायचे, आणि गॅलरीत आजी दिसली की मुकाट्याने परत जायचे. ‘याला म्हणतात प्रेम,’ असा तिने समारोप केला. नवऱ्या मुलीने डोळे टिपले. मुलीकडच्या मंडळींपैकी एक अनोळखी बाई पुढे येऊन माझ्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, “अशी माणसं आता राहिली नाहीत हो.”

टाळ्या चालू असताना मी पत्नीकडे पाहिले. ती टाळ्या वाजवत नव्हती. साडीच्या काठातून सुटलेला एक धागा ती बोटाभोवती गुंडाळत होती. मी खुलासा करण्यासाठी उठलो. तिने माझी बाही धरून मला खाली बसवले आणि इतर कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “लग्नघर आहे. गप्प बसा.”

तो खुलासा मी आता लेखी करीत आहे.

या प्रकरणाची जी वर्णने सध्या आमच्या गोतावळ्यात फिरत आहेत, त्यांपैकी एकही मला मान्य नाही. जावयांचा समज असा, की सासूबाईंची देखभाल नीट होते की नाही यावर मी पाळत ठेवत होतो. ते सभ्य गृहस्थ आहेत, त्यांनी हे मला कधी बोलून दाखवले नाही. परंतु त्यानंतर काही दिवस ते माझ्यासमोर पत्नीला औषधे जरा मोठ्याने विचारून देत. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणारे माझे मित्र म्हणतात, की माझी स्मृती दगा देऊ लागली असावी आणि मी इमारतीचे दार विसरलो असेन. माझी स्मृती उत्तम आहे. मी सारी नोकरी न्यायालयात लघुलेखक म्हणून केली. साक्षीदार काय बोलला आणि काय बोलल्याचे त्याला नंतर आठवते, यांतील अंतर मला इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे. राहिले नातीचे वर्णन. ते सर्वांत लोकप्रिय आहे, कारण ते गोड आहे. तेच सर्वांत खोटे आहे, आणि ते खोटे असल्याचे फक्त दोन माणसांना ठाऊक आहे.

आम्ही दोघे नारायण पेठेत एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. ती बसवण्याचा प्रस्ताव दोनदा आला आणि दोन्ही वेळा तो मी हाणून पाडला, कारण तिच्यासाठी जिन्यातली खिडकी बुजवावी लागणार होती आणि आराखडा चुकीचा होता. आराखडा चुकीचा होताच. पण त्या काळात पत्नीचे गुडघे झिजत होते आणि प्रत्येक मजल्यावर थांबून ती कठड्याला धरून उभी राहत असे, हेही खरे होते. त्या दोन गोष्टी मी कधी एकत्र मांडल्या नाहीत.

शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातून निघण्याच्या दिवशी मुलीने जाहीर केले, की आईला ती विश्रांतवाडीला नेणार. तिच्याकडे सहाव्या मजल्यावर प्रशस्त घर आहे, लिफ्ट आहे, व्यायाम करून घेणाऱ्या बाई तिथे घरी येऊ शकतात.

“बाबा, तुम्हीही चला. एक खोली रिकामीच आहे.”

“मी येत नाही.”

“अहो, एकटे काय करणार तुम्ही?”

“एकटा म्हणजे काय? माझं घर आहे ते.”

पत्नी चाकाच्या खुर्चीत बसली होती. ती मुलीला म्हणाली, “त्यांना आग्रह करू नकोस. घर राखायला कुणीतरी हवंच. चोर टपलेत आमच्या भांड्यांवर.”

मी का नाही म्हणालो, हे तरुण वाचकांना सांगावे लागेल. मुलीच्या घरी मुक्काम करायचा नाही, अशी आमच्याकडे रीत होती. माझ्या वडिलांनी ती आयुष्यभर पाळली. माझ्या बहिणीच्या सासरी गेले तर ते तांब्याभर पाण्यालाही नको म्हणत. दुसरी रीत बायकोला माहेराहून आणण्याची. बायको माहेरी गेली की तिला आणायला नवऱ्याने आपण होऊन जायचे नाही. सासऱ्यांचा निरोप यायचा, ‘आता न्यायला या’, आणि मग सवडीने, जणू त्याच बाजूला दुसरे काही काम होते अशा थाटात जायचे. निरोपाआधी गेले, तर याला बायकोवाचून राहवत नाही असे दिसे. तसे दिसणे हे आमच्या घरात भर चौकात धोतर सुटण्यासारखे मानले जाई. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत पत्नी साताऱ्याला गेली, तेव्हा मी निरोपाची वाट पाहत तोंड कोरडे पडेपर्यंत थांबलो होतो, आणि तिथे पोहोचल्यावर तिच्याशी पहिले वाक्य बोललो ते एसटीच्या वेळापत्रकाविषयी.

आता सासरे नाहीत. विश्रांतवाडीचे घर हेच तिचे माहेर झाले, आणि निरोप पाठवायचा असतो हे मुलीच्या गावीही नव्हते. ते पत्नीला ठाऊक होते. म्हणून मी तिच्या निरोपाची वाट पाहू लागलो.

आम्ही रोज संध्याकाळी फोनवर बोलत असू.

“कशी आहेस?”

“बरी आहे. तुमचं जेवण?”

“डबा येतो.”

“कसा असतो?”

“असतो.”

यापुढे आमचे संभाषण सहसा जात नसे. मागे घरातल्यांचे बोलणे, हसणे ऐकू येई. एकदा मी विचारले, “तिथं कसं वाटतंय?” ती म्हणाली, “छान वाटतंय. हवा खेळती आहे. कुणी वसकन अंगावर येत नाही.” हे ती थट्टेने म्हणाली. पन्नास वर्षांच्या संसारात तिची थट्टा मला ओळखता येत नाही असे नाही. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. ती तिथे सुखी आहे, असा मी त्याचा अर्थ लावला. ती परत येणार नाही, हा त्यापुढचा अर्थ.

तेव्हा मी गेलो. निरोपाशिवाय गेलो, हे नोंदवून ठेवतो. पिशवीत तिची आवडती डाळिंबे घेतली, महापालिकेसमोरून बस धरली आणि आळंदी रस्त्याला उतरलो. वर जायचे, डाळिंबे द्यायची, ‘या बाजूला आलो होतो’ असे म्हणायचे, पाणी न पिता निघायचे, असा माझा बेत होता. फाटकासमोर पोहोचलो आणि वर पाहिले. सहाव्या मजल्याच्या गॅलरीत ती चालत होती. वॉकर म्हणतात ते चार पायांचे ॲल्युमिनियमचे आधारयंत्र पुढे टाकून एक पाऊल, मग दुसरे. मुलगी शेजारी होती. काहीतरी बोलणे झाले आणि पत्नी मान मागे टाकून हसली. तिचे ते तसे हसणे मी फार दिवसांत पाहिले नव्हते.

माझे पाय रस्ता ओलांडेनात. समोर एक बंद पडलेले झेरॉक्सचे दुकान होते, त्याच्या कट्ट्यावर मी टेकलो. ती आत जाईपर्यंत बसलो आणि डाळिंबे घेऊन घरी परतलो. ती मी एकट्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मग रोजच जाऊ लागलो. दुपारच्या जेवणाआधी ती गॅलरीत येई, फेऱ्या मारी, कठड्याला टेकून श्वास घेई. मला तिच्या चेहऱ्यावरचे भाव एवढ्या खालून दिसत नसत. पण खांदे दिसत, आणि दुखते तेव्हा तिचा डावा खांदा वर जातो हे मला माहीत आहे. ती दिसली की मला आत काहीतरी जागच्या जागी बसल्यासारखे वाटे. ती दिसेपर्यंत मी वर्तमानपत्राचे एकच पान पुन्हा पुन्हा वाचत असे. आपण या माणसाशी इतके बांधलेले आहोत हे मला नव्याने कळत होते आणि त्याचा मला, खोटे कशाला सांगू, आनंद होत होता. त्या आनंदासाठी तिच्याशी बोलावे लागत नव्हते, तिच्यापुढे कमीपणा घ्यावा लागत नव्हता.

इथपर्यंत नातीची गोष्ट आणि माझी साक्ष जुळते. इथून पुढे ती जुळत नाही.

संध्याकाळी फोनवर मी विचारी, “आज चाललीस का?” जसे काही मला ठाऊकच नाही. ती सांगे, “चालले, गॅलरीत,” आणि मी ते दुपारी पाहिलेल्याशी ताडून बघे. साक्षीदार खरा निघाला की मनात एक प्रकारचे समाधान होई. तिला माहीत नसताना तिच्याविषयी मला काही माहीत आहे, याची मला चटक लागली. याला कोणी प्रेम म्हणत असेल, तर त्याने हे वाक्य पुन्हा वाचावे.

एके दिवशी ती गॅलरीत आली नाही. दाराचा पडदा ओढलेला होता. व्यायाम घेणाऱ्या बाईंची दुचाकी फाटकाशी लागली आणि नेहमीपेक्षा फार उशिरा गेली. नंतर मुलीने गॅलरीत येऊन एक ओला टॉवेल पिळला, आत गेली, पुन्हा आली, पुन्हा पिळला. शेवटच्या वेळी ती तो टॉवेल हातात धरून नुसती उभी राहिली आणि तिने मनगटाने डोळे पुसले. मी कट्ट्यावरून उठलो. रस्ता ओलांडून फाटकापर्यंत गेलो. रखवालदाराने वही पुढे करून विचारले, “कोनाकडं जाचं हाय जी?”

मी म्हणालो, “कोणाकडे नाही.”

आणि परत येऊन बसलो.

असे का केले याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. त्या क्षणी विचार असा फारसा नव्हताच. एवढेच डोक्यात आले, की आता वर गेलो तर ‘तुम्हाला कसं कळलं?’ असे विचारतील. आणि मग रोज इथे येऊन बसतो हे सांगावे लागेल. उन्हे उतरेपर्यंत मी तिथेच होतो. मग बस धरून घरी आलो आणि नेहमीच्या वेळी फोन केला.

“आज चाललीस का?”

“तर. आज दोन फेऱ्या जास्त मारल्या.” तिचा आवाज घोगरा होता.

“वा. छान,” मी म्हणालो.

तिने विचारले, “तुम्ही काय केलंत दिवसभर?”

“काही नाही. घरीच होतो.”

तिने फोन लगेच ठेवला नाही. मी काही बोलतो का याची वाट पाहत असावी. मी डब्याच्या आमटीविषयी एक तक्रार केली आणि मग आम्ही फोन ठेवला.

ती दोन दिवसांनी पुन्हा गॅलरीत आली. मला हायसे वाटले आणि मी पूर्ववत बसू लागलो. पण रखवालदाराचे माझ्यावर आता लक्ष होते. तो विदर्भातून आलेला, अघळपघळ माणूस होता. तो एकदा रस्ता ओलांडून माझ्यापाशी आला.

“काहून बसता जी तुम्ही इथं रोज? कोनाले भेटाचं हाय काय?”

“नाही.”

“मंग?”

“बसायला मनाई आहे का?”

“मनाई नाही जी. पन लोकं इचारतेत मले.”

“त्यांना म्हणावं, मला येऊन विचारा.”

लोकांनी मला विचारले नाही. त्यांनी माझा फोटो काढला आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. सोबत मजकूर: एक संशयास्पद वृद्ध इसम काही दिवसांपासून समोर बसून फ्लॅटची पाहणी करीत आहे, सर्वांनी दक्ष राहावे. तो फोटो माझ्या नातीने महाविद्यालयात तासाला बसल्या बसल्या पाहिला. तिने गटावर लिहिले, ‘ते माझे आजोबा आहेत’, आणि आईला फोन केला.

मुलगी खाली धावत आली ती पायात दोन निरनिराळ्या चपला घालून. “बाबा?” म्हणाली. आजूबाजूला पाचसहा माणसे जमली होती. फोटो काढणारे गृहस्थ माझी क्षमा मागू लागले. जावई त्या दिवशी घरून काम करीत होते, तेही आले आणि नम्रपणे म्हणाले, “बाबा, वर चला की. उन्हात कशाला?” मी उभा राहिलो. रखवालदार सर्वांना सांगत होता, “म्या इचारलं होतं जी त्याहिले. कोनीच नाही म्हनाले इथं.” ते अक्षरशः खरे होते. एवढ्या माणसांत अचूक साक्ष देणारा तो एकटाच निघाला.

वर पत्नी खुर्चीत बसली होती. गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती. तिने मला टोपीपासून चपलांपर्यंत पाहिले.

“या. पाणी घ्या.”

“नको.”

“कट्ट्यावर कोण देत होतं?”

मुलगी हसली आणि हसता हसता रडू लागली. जावई म्हणाले, “कमाल केलीत तुम्ही.” तेवढ्यात नात येऊन पोहोचली. तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि ‘किती क्यूट’ असे काहीसे म्हणाली. त्या दिवाणखान्यात, दहा मिनिटांच्या आत, ती गोड गोष्ट तयार झाली. ती तयार होताना मी पाहत होतो आणि मी तिला हरकत घेतली नाही. माझ्या आयुष्यात मी हरकत न घेतलेल्या गोष्टी थोड्या आहेत.

पत्नीने हात वर केला. “झालं कौतुक? आता जरा चहा टाका. आणि ते दार ओढून घ्या.”

दार ओढले गेले. ती काही वेळ बर्फाची पिशवी इकडून तिकडे करीत राहिली.

“कधीपासून?”

“बरेच दिवस.”

“बरेच म्हणजे? कोर्टात असं चालायचं?”

“तू गॅलरीत चालायला लागलीस तेव्हापासून.”

ती हिशेब करीत असावी. तिची बोटे पिशवीवर थांबली.

“मला ताप आला होता. गुडघा सुजला होता, वाकवताना मी ओरडले होते. त्या दिवशी?”

मला नाही म्हणता आले असते. कोणी पाहिले नव्हते.

“होतो.”

“खाली होतात?”

“हो.”

“आणि संध्याकाळी फोन केलात.”

“हो.”

“मी म्हटलं, दोन फेऱ्या जास्त मारल्या. तुम्ही म्हणालात छान.”

मी मान खाली घातली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपे गेले असते. चढलेल्या आवाजाला उत्तर कसे द्यायचे ते मला येते.

“मी खोटं बोलले ते तुम्हाला काळजी नको म्हणून,” ती म्हणाली. “तुम्ही कशासाठी बोललात?”

याचे उत्तर सांगण्यासारखे नाही, पण सांगतो. मी बोललो ते मला कोणी हसू नये म्हणून. तिच्या गुडघ्याच्या वेदना एका बाजूला आणि माझी फजिती दुसऱ्या बाजूला ठेवून मी फजिती टाळली होती.

“त्या दिवशी मी हिला सांगितलं होतं,” ती दाराकडे पाहत म्हणाली, “बाबांना कळवायचं नाही, ते एकटे आहेत, हातपाय गाळतील. आणि मनात म्हणत होते, आज हा माणूस आपण होऊन यावा. जन्मात एकदा. निरोपाशिवाय.”

“आलो होतो ना.”

“कुठं आला होतात? रस्त्यापलीकडे?”

चहा आला. मी तो प्यायलो. मुलीच्या घरी बसून प्यायलेला माझा तो पहिला कप. रीत मोडल्याची बोच मला जाणवलीसुद्धा नाही, इतके दुसरे काही बोचत होते.

नात मानसशास्त्र शिकते. त्या आठवड्यात तिने मला समोर बसवून माझे निदान केले.

“आजोबा, तुमची अटॅचमेंट स्टाईल अव्हॉइडंट आहे. एकदम टेक्स्टबुक.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे जवळ यायचं तर असतं, पण जवळ आलं की भीती वाटते.”

“मला कशाचीही भीती वाटत नाही.”

“हेच. अगदी हेच म्हणतात ते लोक.”

मग तिने माझ्या वडिलांविषयी विचारले. त्यांनी मला कधी जवळ घेतले होते का, वगैरे. मी तिला सांगितले, की माझ्या वडिलांना यात ओढू नये. ते वारले तेव्हा झेरॉक्सची दुकाने नव्हती. तिच्या शास्त्राविषयी मला आदर आहे. ते चूक नसेल. पण त्यात माझी सुटका आहे, म्हणून मला ते नको. स्वभावाला एक नाव मिळाले की माणूस त्या नावाच्या आडोशाला जाऊन बसतो आणि मला वाटते मी आडोशाला पुरेसा बसलो आहे. ओढ मला होती, याविषयी वाद नाही. ती खरी होती, तीव्र होती. पण ती सगळी माझ्यापाशीच राहिली. ज्या बाईसाठी ती होती, तिला तिचा पाण्याच्या पेल्याएवढाही उपयोग झाला नाही. तिला हवे होते गुडघा वाकवताना धरायला कोणाचा तरी हात, आणि माझे दोन्ही हात त्या वेळी वर्तमानपत्र धरून बसले होते.

त्या दिवशी चहानंतर निघताना मी तिला विचारले होते, “घरी कधी येतेस?”

“तुम्ही न्यायला आलात, की बघायला?”

“न्यायला.”

“तीन जिने चढायचे नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलंय. निदान सहा महिने. आणि लिफ्ट कुणाला नको होती, ते तुम्ही सोसायटीच्या इतिवृत्तात वाचा.”

“सहा महिन्यांनी येशील?”

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. ही तिची थट्टा नव्हती. इतक्या वर्षांत मी तिला एखादी गोष्ट माहीत नाही असे म्हणताना क्वचित ऐकले होते. मी जिन्याने खाली उतरलो. लिफ्टमध्ये आरसा असतो.

दुसऱ्या दिवशी गेलो तो रखवालदाराच्या वहीत नाव लिहून, सहाव्या मजल्यावरची घंटा वाजवून. दार उघडायला ती स्वतः आली. त्या यंत्राचे पाय फरशीवर टेकत टेकत दारापर्यंत येताना मला ऐकू येत होते आणि ते फार सावकाश येत होते. तिने दार उघडले, “हं,” म्हणाली आणि वळली. मी रोज जाऊ लागलो. ती माझ्याशी कामापुरते बोले. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मला तिच्या टाचेखाली हात कसा द्यायचा ते शिकवले. मी चुकीचा दिला की ती ओरडे, “खाली, खाली धरा, झेंडा धरलाय का?” आणि बाई हसत. एकदा वाकवताना तिला असह्य झाले आणि तिने माझे मनगट इतके आवळले की तिच्या बांगडीचा वळ उठला. ती रडली. मला पाहून तिने तोंड फिरवले नाही. मीही खिडकीबाहेर पाहिले नाही. हे मला फार अवघड गेले, आणि अवघड जाण्याची लाज वाटली, तीही त्या वेळी लपवता आली नाही.

साखरपुड्याच्या दिवशी तिने माझी बाही धरून मला खाली बसवले, ते मला वाचवण्यासाठी. त्या तापाच्या दिवसाविषयी तिने मुलीलाही काही सांगितलेले नाही. मी परतताना रिक्षात तिला म्हटले, की हे मी लिहिणार आहे. ती म्हणाली, “लिहा. पण मला देवी करू नका. मला अजून राग आहे.”

त्यानंतर काही दिवसांनी, फेऱ्या संपवून ती खुर्चीत बसत असताना, मी निघण्यासाठी टोपी उचलली. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “उद्या येताना माझी निळी शाल आणा. आणि तुमचे दोन सदरे.”

“सदरे कशाला?”

“मुक्कामाला लागतात.”

मी एकच सदरा आणला. शाल आणली, दाढीचे सामान आणले आणि सदरा एकच, कारण दोन आणले तर राहायलाच आल्यासारखे दिसले असते. हे मी करायला नको होते हे मला पिशवी भरतानाच ठाऊक होते. तिने पिशवी गुडघ्यावर घेऊन उघडली, शाल बाजूला केली, तळापर्यंत हात घातला.

“दुसरा?”

मी दाढीच्या सामानाकडे बोट दाखवले.

तिने सदरा घडी करून कपाटात ठेवला, पिशवी रिकामी करून माझ्या हातात दिली आणि मला बसने परत पाठवले.